एकाच भाषेचं घर

५ जानेवारी, सोमवार
उपचार सुरू. लकव्याच्या झटक्यानंतर बायकोचा, शांतम्माचा, हात सुधारला, वाचा नाही. उदगीरहून लातूरला आणली. स्पीच थेरपिस्ट समीक्षा मॅडम डोक्याला ओले स्पंज बांधून मुंग्या येण्याइतका करंट देतात आणि चित्रांची नावं विचारतात. मला बजावलं, "सर, करंट शब्द आणून देत नाही. बोलायचं त्यांनी, तुम्ही थांबायचं." थांबणं हे काही काम आहे का?

मॅडमनी तिची लहानपणीची भाषा विचारली. मी ठणकावून सांगितलं, मराठी. माहेर भालकीचं, तिकडे कन्नड बोलतात, हा तपशील किरकोळ. लग्नाच्याच दिवशी मी जाहीर केलं होतं, या घरात मराठीच. तिने हूं की चूं केलं नाही. पटलेलं माणूस असंच गप्प असतं.

संकल्प: २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, माझ्या सभेत शांतम्मा एक वाक्य बोलेल. वाक्य लिहून ठेवलंय. जोडाक्षरं जरा जास्त झालीत.

१२ जानेवारी
विहिरीचं चित्र. ती ओठ हलवत होती, मी मदत केली. मग गाय, खुर्ची, छत्री. सगळी बरोबर. मॅडम म्हणाल्या, ही तुमची उत्तरं आहेत. नव्या पिढीला सांघिक यश कळत नाही.

१९ जानेवारी
पाण्याच्या चित्रावर ती म्हणाली, "नीरू." मॅडमनी अर्थ विचारला. नुसता आवाज आहे, म्हटलं. कन्नडात पाणी, हे मला ठाऊक आहे. पण उपचारात गोंधळ नको. परतताना ती रस्ताभर माझ्याकडे बघत होती. ऊन फार होतं.

२ फेब्रुवारी
आता तो आवाजही बंद. घरी मी वाक्य म्हणून दाखवतो, ती भिंतीकडे तोंड करते. एकाग्रता. आज तिने डोक्याची पट्टी ओढली. मी तिचा हात दाबून धरला. प्रेमाने. मॅडमनी मशीन बंद केलं. म्हणाल्या, त्यांची इच्छा नसेल तर करंट देणार नाही. आणि सुरुवातीचे महिने मोलाचे असतात, ते चाललेत. मी इच्छाशक्तीवर थोडं बोललो. पुढचा पेशंट कंटाळून निघून गेला.

९ फेब्रुवारी
मेहुणा चंद्रप्पा न कळवता भालकीहून दवाखान्यात आला. तिच्याजवळ बसून कन्नडात विचारलं, अक्का, जेवलीस का. ती बोलली. चांगले तीन-चार शब्द.
मॅडम माझ्याकडे वळल्या. "सर, ही कोणती भाषा?"
मी सीमाप्रश्नाच्या इतिहासापासून सुरुवात केली.
"दाजी," चंद्रप्पा म्हणाला, "मॅडमला तुमी हे सांगितलंच न्हाई व्हय?"
मला बाहेर बाकावर बसवण्यात आलं.

१६ फेब्रुवारी
बाक. आत चंद्रप्पा कन्नडात चित्रं विचारतो, करंट तोच. कुणी तरी हसलं. दुसरी पेशंट असेल म्हणून डोकावलो. शांतम्मा होती.
पोस्टर छापायला दिलं. तिचं नाव ठळक.

२० फेब्रुवारी
घरी रोज सराव हवा म्हणून चंद्रप्पा तिला भालकीला घेऊन गेला. तात्पुरतं. तिने मागे वळून पाहिलं नाही; मानेचा त्रास असावा.

२७ फेब्रुवारी
सकाळीच गाडी घेऊन भालकीला गेलो. ती ओसरीवर शेंगा फोडत होती. म्हटलं, चल, मंडप भरेल आता. तिने शेंगा खाली ठेवल्या. ओठ जुळवायला लागली. मी वाक्य सुचवलं नाही, का कोण जाणे. थांबलो.
"ना... बरं... गिल्ला."
चंद्रप्पाने खाली बघत विचारलं, "दाजी, मराठीत सांगू का?"
नको म्हटलं. "मी येणार नाही" म्हणाली ती, एवढं कन्नड मला कळतं.
सभेत दोन तास बोललो. टाळ्या भरपूर. घरी आलो, कुलूप काढलं, आणि आत जाऊन मोठ्याने म्हटलं, आलो.