तुझं जिनसेंग चौघांच्या भांड्यात

योन्हीच्या आईस, गोजे बेटावरून प्रेमाची आठवण.

तुझं पार्सल सोमवारी मिळालं. मी छान आहे, खोकलाही जवळजवळ गेलाय. योन्हीचा दात पडला का?

आता रागावू नकोस. जिनसेंगची मुळं तू एकट्या माझ्यासाठी पाठवली होतीस, पण काल उन्हाळ्यातल्या तीन कडक दिवसांपैकी पहिला होता, ताकदीसाठी कोंबडीचा रस्सा प्यायचा. जहाज कारखान्याच्या खोलीत राहणाऱ्या आम्ही चौघांनी चार छोट्या कोंबड्या आणल्या, पोटात चिकट तांदूळ, लसूण आणि तुझी मुळं भरून उकळत ठेवल्या.

नामगुंग म्हणाला, "वहिनींनी ताकद पाठवली खरी, पण त्या राहिल्या तिकडे गुमसानला. तू ती खर्चणार कुठे?"

मी म्हटलं, "जहाजाच्या पत्र्यांवर."

सगळे हसले, फक्त आमच्यातले सर्वांत वयस्क बांगदादा सोडून. वसंतात त्यांची बायको वारली, तेव्हापासून ते दोन घास खाऊन उठतात. उंच शिडीवर जहाज रंगवताना त्यांचे पाय थरथरतात, मला धास्तीच वाटायची.

काल त्यांनी रश्श्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "अळणी झालंय. आमची ही असती तर मीठ विसरली नसती."

तीन महिन्यांत त्यांनी तिचा विषय पहिल्यांदाच काढला. मी मीठ पुढे केलं. त्यांनी हाडं चोखून वाडगं रिकामं केलं, मग माझ्या वाडग्यातलं उरलेलंही संपवलं. घाम पुसत म्हणाले, "दहा दिवसांनी पुन्हा करायची ना? तेव्हा मी रांधणार. तुला जमत नाही."

तर थोडी मुळं आणखी पाठव. आईचे गुडघे शेकतेस ना? आणि या वेळी पार्सलवर बांगदादांचं नाव घाल. त्यांना कुणाचंच पार्सल येत नाही.

तुझाच,
योन्हीचा बाप