शुक्रवारचा कोंबडा

मागचे डावे चाक आता आसापर्यंत वाळूत गेले आहे. धर्मा नावाचा कोळी त्याखाली झावळ्या कोंबतो आहे, चार माणसे ढकलत आहेत आणि पाचवा मला सांगतो आहे की ढकलून काही उपयोग नाही. मी तुमच्या गाडीच्या पायरीवर बसून हे लिहितो आहे, कारण हातात पेन नसते तर दगड असता.

प्रिय प्लासिडभाऊ, सप्रेम नमस्कार. तुमची प्रकृती उत्तम असेल. असणारच. तुम्ही मुंबईत आहात आणि गाडी इथे कळंबला आहे. इझाबेल उमेळ्याला घरी बरी आहे. (ती माझी बायको, पण आधी तुमची बहीण. तिला तुमच्यावर रागावता येत नाही, म्हणून तेही काम माझ्याकडे आले आहे.) देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो. मला तुम्हाला बरेच बोलायचे आहे.

बाबा गेल्यापासून माझी आई पेजेवर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आता तिच्या खांद्यावर पदर टिकत नाही. डॉक्टर म्हणाले, औषध नको, मागेल ते खायला द्या. पण ती काही मागतच नव्हती. मग एक दिवस म्हणाली, जयवंतीकडे जाऊन बोंबील खाईन. ही जयवंती, म्हणजे धर्माची आई, आमच्या दारावर दर शुक्रवारी मासळीची पाटी घेऊन यायची. दोघी पायरीवर मनसोक्त भांडायच्या आणि मग मासळी घरात यायची. जयवंतीचे गुडघे गेले आणि ते भांडणही गेले. मी लगेच बैलगाडी जुंपायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, म्हाताऱ्या माणसाला धक्के कशाला, माझे चाकांवरचे घर घेऊन जा.

घर! लढाई संपून सहा वर्षे झाली. लष्कराच्या लिलावात जी अँब्युलन्स कोणी घेतली नाही ती तुम्ही घेतलीत आणि तिला पडदे लावलेत. बिछाना भिंतीतून खाली येतो, हे तुम्ही मला दाखवलेत. तो न बोलावताही येतो, हे दाखवले नाहीत. सोपाऱ्याला तो माझ्या पाठीत आला. पाण्याची टाकी तांदळावर गळते. कोपऱ्यात बसवलेली मरियामातेची मूर्ती प्रत्येक वळणाला भिंतीकडे तोंड फिरवते, आणि तिने जे पाहायचे टाळले ते सगळे मला पाहावे लागले. हिरव्या रंगाखालून तांबडा क्रूस अजून दिसतो. निर्मळला लोकांना वाटले देवी टोचणारे आले. तळ्यावरच्या बायका पोरे काखोटीला मारून पळाल्या आणि दारे लागली. (एक गृहस्थ मात्र बाही वर करून पुढे आले. शिक्षक असावेत.) तिथेच इंजिन बंद पडले आणि गुरुवारची रात्र आम्ही बंद दारांच्या समोर काढली.

तुम्ही मला गाडी शिकवलीत. पुढे कसे जायचे ते शिकवलेत. मागे कसे घ्यायचे ते परत आलास की शिकवीन, म्हणालात. प्लासिडभाऊ, ज्याला मागे घेता येत नाही तो माणूस परत येणार कसा? जयवंतीच्या घरापाशी रस्ता संपला. मी थांबायला हवे होते, पण तुमचा ब्रेक विचार करून लागतो. तो लागला तेव्हा आम्ही वाळूत होतो.

जयवंती धावत आली. (गुडघ्यांसकट.) "बाय, तू काल येनार होतीस ना? कोंबडा कालपासून बांधून ठेवलाय!" म्हणजे ठेवला होता. आमचा भोंगा गावाबाहेर वाजला तेव्हाच तिने तो कापला होता आणि आता तो चुलीवर शिजत होता.

आई म्हणाली, "जयवंती, आज शुक्रवार. आज आम्हाला मांस चालत नाही."

जयवंतीने कपाळावर हात मारून घेतला. "तुज्या दारावर यायचे तवा मला शुक्रवार कलायचा. आता घरी बसून वार कसा कलेल गं?"

(इथे मला राग आला नाही. तो मी तुमच्यासाठी राखून ठेवला.)

आई म्हणाली, मग बोंबील दे. दारात टोपलीभर ताजे बोंबील होते, काठ्यांवर वाळत घातलेले तर नजर पोचेल तिथवर होते.

"पावन्याला मासली? मासली मी मांजराला घालते! कोंबडा शिजवून तुला मासली वाढली तर गावात तोंड कुठं दाखवू?"

"तेच दाखव. शिळा बोंबील ताजा म्हणून गळ्यात मारणारं."

"आनि तू? पापलेटाचे डोले उघडून बघनारी! मेलेलं पन लाजायचं!"

बाबा गेल्यापासून आईचा आवाज इतका चढला नव्हता. ढकलणारी माणसेही थांबून ऐकू लागली. शेवटी सौदा ठरला. कोंबडा उद्या खायचा, आणि तोवर दोघींनी काहीच खायचे नाही, म्हणजे कोणाचीच हार नाही. तेव्हा प्लासिडभाऊ, जी आई निदान पेज तरी पीत होती, ती मासळीच्या गावात, मासळीच्या वासात आज उपाशी बसली आहे. बैलगाडीने आम्ही गुरुवारी पोचलो असतो. कोंबडा गुरुवारी चालतो. हे तुमच्या गाडीने केले, आणि तिला काही झाले तर मी तुम्हाला जन्मभर क्षमा करणार नाही.

तुमचा, नाइलाजाने,
कॉन्रॅड

ता. क. गाडी वाळूतून निघाली की मी ती तुमच्या दारात आणून सोडणार. थेट पुढे चालवत. पुढे भिंत असली तरी.

दुसरा ता. क. वरचा मजकूर टपालात जायचा राहिला. गाडी पुढच्या शुक्रवारपर्यंत इथेच राहू द्या. बोंबील त्या दिवशी खायचे ठरले आहे. मागे घ्यायचे शिकवायला एवढ्यात येऊ नका.

शनिवारी सकाळी आईने कोंबडा भाताबरोबर खाल्ला, पुन्हा मागून घेतला आणि रश्शाला मीठ कमी आहे म्हणाली. जयवंती अजून त्याचे उत्तर देते आहे. धर्माने गाडी ओढायला बैल आणले होते. आईने ते परत पाठवले.