भट्टी लोकलवर होती

प्रिय बंडू,

तुझा राम राम आणि माझा जय भीम, एकोणीस वर्षं आपलं असंच चाललंय, तर पत्राची सुरुवातही तशीच करतो. खिशात फोन असताना या म्हाताऱ्याला पत्राचं खूळ कुठून सुचलं म्हणून तू हसशील. हसून घे. पाकीट तुझ्या सरिताच्या हाती देतोय, कारण समोर आलो तर तू आधी चहा ठेवायला सांगशील आणि माझी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटेल.

भट्टी परत सुरू झाली. तुझ्या जागेवर भिलाईचा एक माणूस आणलाय. वाईट नाही, पण आकड्यांवरची नजर काढत नाही. बर्नरचा आवाज जरा बदलला की तू पाठमोरा असलास तरी मान वळवायचास, ते त्याला कुठून येणार? तुला यार्डात वजनकाट्यावर बसवलंय, तिथून जाताना मी रस्ता बदलतो. तुझ्या लक्षात आलंच असेल.

एक गोष्ट मी तुला कधी नीट समजावलीच नाही, ती आज सांगतो. पॅनेलवरच्या दोन कंट्रोलरना आपण बडे भैया आणि छोटू म्हणायचो. बडे भैयाचं थर्मोकपल, म्हणजे ताप मोजणारी तार, आत मालाला टेकलेलं असतं, छोटूचं भट्टीच्या हवेत. माल किती तापला ते बघून बडे भैया ठरवतो की भट्टी किती गरम हवी, आणि तो आकडा छोटूला धाडतो. छोटू रिमोटवर असला की त्याचं ऐकतो. लोकलवर असला की आपण स्वतः भरून दिलेला आकडा धरून बसतो. एवढंच. पाच मिनिटांचं काम होतं, पण ‘तुला काय करायचंय, दिवा पाहत जा’ असं म्हणून मी माझा शहाणपणा जपून ठेवला.

त्या मंगळवारी माल आत असतानाच बडे भैयाचं थर्मोकपल तुटलं. मी छोटूला लोकलवर टाकलं, सहाशे वीस भरलं, नवं थर्मोकपल बडे भैयाला जोडून तात्पुरतं बाहेरच लटकवलं आणि त्याची नळी आणायला स्टोअरला गेलो. तिथे भार्गवने चहा पाजला, गप्पा रंगल्या, तास गेला. इकडे दोनच्या पाळीला तू आलास. लोकलचा दिवा दिसला आणि तू बटन दाबून रिमोट केलंस. बडे भैया बाहेरच्या हवेचे एक्केचाळीस दाखवत होता. तुला वाटलं, नवा माल नुकताच भरलाय. त्यालाही तेच वाटलं, आणि माल थंड आहे म्हणून तो छोटूकडे आणखी आणखी मागत गेला. त्याने किती मागावं याला एक मर्यादा घालता येते. ती मी कधी घातलीच नव्हती, पेटीतून निघाला तशीच अकराशेवर होती. अठरा शाफ्ट वाकून पडले.

चौकशीत तुला विचारलं, बटन का दाबलं. तू खरं ते सांगितलंस, “साहेब, लोकल माल खराब राहते ना, म्हून मी रिमोट केलं.” सगळे हसले. बाजारात लोकल चार्जर घेऊन पस्तावलेला माणूस दुसरं काय समजणार, हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं. बंडू, मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मग पाळी माझ्यावर आली. पॅनेलवर लाल पाटी का लावली नाही? माझ्या नावावर आधीची ताकिदीची एक चिठ्ठी आहे, दुसरी आली असती तर मी घरी बसलो असतो. मी म्हणालो, पाटी राहिली, पण पाळी बदलताना दारात बंडू भेटला तेव्हा तोंडी सांगितलं होतं, लोकलवर आहे, हात लावू नको. तू माझ्याकडे पाहिलंस. वाटलं, आता हा भांडणार. तू खाली मान घालून म्हणालास, “भाऊ म्हणतात तर सांगितलं असन. मीच विसरलो.”

परवा माझ्या कमलाला गुडघ्यासाठी समता कॉलोनीत डॉक्टरकडे नेलं होतं. बाकावर सरिता बसलेली, हातात तुझी फाईल. मी विचारलं, बंडूला काय झालं? ती म्हणाली, “भाऊजी, डोक्याच्या डॉक्टरचा नंबर लावला. गॅस बंद केला का म्हून तीन-तीनदा उठून पाहून राहिले. मले म्हणतात, सरिता, माझं डोकं कामातून गेलं.” शिवाय सूचना मिळूनही विसरलो, अशा कागदावर सोमवारी तू सही करणार आहेस म्हणाली. कमला माझ्या तोंडाकडे पाहत होती.

म्हणून हे पत्र. सोमवारी सही करू नकोस. आज दुपारी मी माझ्या कबुलीचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून आलोय, त्यावर माझी सही आहे. माझं काय व्हायचं ते होवो. पण साहेबांना कळण्यापेक्षा तुला कळणं जास्त गरजेचं आहे, म्हणून नीट वाच, आणि डॉक्टरकडे जाणार असशील तर त्यालाही वाचायला दे. त्या दिवशी दोनला, मी स्टोअरला निघालो तेव्हा, दारात आपण भेटलो, हे खरं आहे. तू कमलाच्या गुडघ्याचं विचारलंस, मी तिच्या तेलाचं सांगितलं, आणि आपण आपापल्या वाटेने गेलो. तुला आठवतंय ते तेवढंच आहे, कारण बोलणं तेवढंच झालं होतं. तू काहीही विसरलेला नाहीस, बंडू. मी तुला सांगितलंच नव्हतं.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझाच,
गुलाबराव