कानबाईच्या गाण्यांचं पान

४ जुलै ९९, रवि. पिंप्राळा, जळगाव.
आज ह्यांची वही उघडली. दोन वर्षांनी. सासूबाई सांगायच्या आणि हे उतरवून घ्यायचे, ती कानबाईची, श्रावणात आमच्या घरी बसते त्या देवीची गाणी. एकोणीस आहेत. कडेला चहाचा डाग.
गल्लीतल्या सुनंदाच्या इंटरनेटच्या दुकानातून वेबपान कसं करायचं त्याचं पुस्तक आणलं. इंग्रजी. डिक्शनरी घेऊन बसले. एक प्रकरण झालं.

१२ जुलै
पान झालं! इंटरनेटवर जागा फुकट मिळते, नाव-पत्ता भरला की झालं. कुठल्या देशात आहे ती जागा, सुनंदालाही माहीत नाही.
त्याहून नवल म्हणजे पान तपासणारं एक ठिकाण. आपल्या पानाचा पत्ता द्यायचा. ते सगळं वाचून सांगतं, अमुक ओळीत टॅगची खूण उघडलीत, मिटली नाहीत. माझ्या तेवीस चुका. एकदाही रागावलं नाही. मी सातवीत शाळा सोडली, असा मास्तर तेव्हा भेटता तर...

१५ जुलै
नणंदेला, धुळ्याच्या विमलताईंना फोन करून पत्ता दिला. तासाभराने त्यांचा फोन.
"वहिनी, हे काय गं? नुसते चौकोन नि उलटे आकडे! कानबाईला भूत लागलं का?"
सुनंदाने कपाळावर हात मारला. मराठी अक्षरांचा फॉण्ट फक्त तिच्या मशीनमध्ये. रोज तिथेच बघायचे, म्हणून मला सुरेख दिसायचं.

१९ जुलै
वहीची पानंच स्कॅन केली. चित्राला फॉण्ट लागत नाही. पण चित्रं जड, उघडेचनात. त्यालाही एक ठिकाण निघालं. चित्र द्या, हलकं करून परत. डागासकट.
वि.ताईंचा फोन. ह्यांना सगळे बापूच म्हणत. "वहिनी, बापूचं अक्षर. धुळ्यात. काचेवर."


२८ जुलै
पानाखाली आकडा बसवलाय, किती जणांनी पाहिलं त्याचा. एकतीस. त्यातले दहा वेळा मी आणि ताईच. बाकीचे एकवीस कोण? कुठे बसून वाचत असतील?

३ ऑगस्ट
ताईंनी आनंदाने पारोळ्याला, माझ्या सासरी सांगितलं. जेठ नानांचा, ह्यांच्या थोरल्या भावाचा, निरोप आला: कानबाईच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, तशी गाणीही नाहीत. पान काढून टाक. नाहीतर यंदा कानबाईला येऊ नको.
एकतीस वर्षं तिथे गाते आहे. हे वारले त्या वर्षीही मी गेले होते. ते दोन दिवस घरात ह्यांचं नाव सगळे घेतात. एरवी कोण घेतं?

१० ऑगस्ट
नाना जळगावात आले, ताईंना घेऊन. थेट सुनंदाच्या दुकानात. मी डोक्यावर पदर घेऊन मागे उभी. आमच्यात जेठ भावजयीशी समोर बोलत नाहीत, ताईंकडे बघून बोलले.
"तिले सांग, रोट बाहेर जास का? मंग गाना कसा जातीन?"
ताई म्हणाल्या, "नाना, लाऊडस्पीकरवर अर्धं पारोळा गाव ऐकतं, ते?"
"तू चूप बस."
मग पान उघडलं. नाना वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाकले.
"हाई बापूनं अक्षर शे."
एकोणीसच्या एकोणीस गाणी वाचली, बोट काचेवर फिरवत. सुनंदा नको म्हणणार होती, मी खुणेने थांबवलं.
शेवटी ताईंना, "तिले ईचार, हाई पुसाई जाई का?"
मी ताईंना सांगितलं, मी पुसलं तरच. किंवा जागा देणाऱ्याच्या मनात आलं तर.
नाना उठले.  चहासुद्धा घेतला नाही.

२१ ऑगस्ट, शनि.
उद्या पारोळ्याला कानबाई बसेल. बोलावणं नाही. ताईंनी विचारलं तर नाना म्हणे, "दखू." पाहू म्हणजे काय धरायचं?
दुपारी सुनंदाने पान पुसायचं बटण दाखवलं. एकदा दाबलं की सगळं जातं. हात लावला नाही. आकडा चौऱ्याण्णव.
सकाळची पहिली एस.टी. धरते. आत घेणं न घेणं त्यांच्या हाती. नाही घेतलं तर ओट्यावर बसेन. गाणी पाठ आहेत, आवाज आत जाईल.