अक्षरांवरचं कुंकू

२ ऑक्टोबर १९५६, मंगळवार

ट्रान्स्फर आले, पाण्यात भिजवून लाकडावर उतरवायची ती छापील नावं! कॅम्पातल्या सिंधी छापखानेवाल्यानं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिले — बारा. सोनेरी वेल आणि मधे इंग्रजीत ह्यांचं नाव. तो म्हणाला म्हणे, "साईं, पानी में एक मिनिट, बस. फिर हाथ नहीं काँपना चाहिए." ह्यांनी उत्तर दिलं, "न थरथरणारा हात घरी आहे." मला हे सांगताना स्वतःच लाजले.

ह्यांनी पडवीत स्वतः घडवलेली पहिली गिटार पंधराला मुंबईच्या दुकानदाराला दाखवायची. पसंत पडली तर आणखी अकरा करायच्या. मग कारखान्यातली नोकरी सोडणार.

म्हणूनच तर माई ह्यांच्याशी बोलत नाहीत. गणपतीपासून. मुलगा समोर जेवतोय आणि सासूबाई मला सांगतात, "उमा, त्याला सांग, ताक आहे." मी सांगते, ताक आहे. हे म्हणतात, "माईला सांग, नको." पहिले दोन दिवस मला हसू आलं. आता येत नाही.

६ ऑक्टोबर

भाजी निवडताना माई म्हणाल्या, "अठरा वर्षं कारखान्यात लाकडी साच्यांच्या खात्यात काढली. साहेब नावानं ओळखतो. आणि आता दारोदार तंबोरे विकणार." मी म्हटलं, तंबोरा नाही हो, गिटार. "तेच ते. पोटाला तार बांधायची." मग देठं गोळा करताना, हळू — "मी गेल्यावर ह्याचं कसं व्हायचं?"

म्हणजे राग नाहीच हा.

८ ऑक्टोबर

चिकटवलं. ताटलीत कोमट पाणी घेतलं. कागदाची आधी सुरळी झाली, मग तो आपोआप सरळ. अक्षरं बोटाखाली सरकू लागली तसा गिटारच्या डोक्यावर, खुंट्यांच्या मधोमध ठेवला आणि खालचा कागद हळूच ओढून घेतला. मलमलीच्या तुकड्यानं पाणी मधून कडेला सारलं. वेलीच्या एका पानात बुडबुडा राहिला होता, तो सुईनं टोचला.

हे श्वास धरून उभे. "वाकडं नाही ना?"

"तुम्ही मधे मधे डोकावलात तर होईल."

ह्यांचं नाव मी आजवर उखाण्यापुरतंच घेतलं. ह्या वहीतही लिहीत नाही. आज बोटांनी एकेक अक्षर दाबून बसवलं. कोणाला सांगण्यासारखं नाही हे.

१० ऑक्टोबर

व्हार्निशचा पहिला हात, अगदी पातळ. स्पिरिटचं पॉलिश थेट अक्षरांवर फिरवलं तर ती फरफटतात. आधी हे कवच हवं. सुकल्यावर बारीक घासायचं, पुन्हा एक हात. अक्षरांची कड बोटाला लागेनाशी झाली की झालं.

१२ ऑक्टोबर

संध्याकाळी तिसरा हात. हवा दमट आहे, सुकायला वेळ लागणार.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी पडवीत गेले तर पाट मांडलेला. करवत, रंधा, पटाशी ओळीनं, प्रत्येकावर झेंडू. शेजारी भिंतीला टेकवलेली गिटार — आणि तिलाही हळदकुंकू! बरोबर नावावर. व्हार्निश अजून चिकट होतं. कुंकू आत उतरलंय, माईंच्या बोटाच्या रेषांसकट.

माई देवापाशी होत्या. म्हणाल्या, "हत्यारांची पूजा चुकवू नये. तेही आता त्याचं हत्यारच ना?"



ह्यांनी पाहिलं. टर्पेंटाइनमध्ये बोळा भिजवला. मी म्हटलं, "अहो, अक्षरंही निघतील."

"निघू देत. दुसरं लावू. सोमवारपर्यंत जेमतेम सुकेल."

पण बोळा हातातच राहिला. "उद्या दसरा. माई सोनं ठेवायला येईल. पुसलेलं दिसेल तिला."

बोळा खाली ठेवला, ब्रश घेतला आणि कुंकवावरूनच शेवटचा हात दिला.

१५ ऑक्टोबर, सोमवार

गिटार परत आली. दुकानदारानं उजेडात धरली, काम फर्स्टक्लास म्हणाला, मग नावावर बोट ठेवलं — "लेकिन मिस्त्री, ये दाग? गिऱ्हाईक काय म्हणेल?" घेतली नाही.

ह्यांनी हे मला पडवीत सांगितलं, कुजबुजत. मग स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मोठ्यानं — "उमा, माईला सांग, आवाज बरा नाही म्हणाला तो. नोकरी सोडत नाही मी."

मी सांगितलं. खोटं, तेही माझ्या तोंडून. माई ताट पुसत राहिल्या. पुसून झालेलंच.

१६ ऑक्टोबर

हे डबा घेऊन कारखान्याला निघाले, तर माई दारात आडव्या उभ्या. माझ्याकडे पाहिलंच नाही.

"श्रीपाद, कान तपासून घे म्हणावं त्या दुकानदाराला. महिनाभर भिंतीला कान लावून ऐकतेय मी. आवाजात काही खोट नाही. दुसऱ्या दुकानात ने."