दोजखाचे भाऊबंद

३ नोव्हेंबर

पुन्हा गॅसचा वास! शेगडीचं बटण उघडं, ज्योत नाही. बाबा शेजारच्या खोलीत आपल्या शब्दकोशात बुडालेले. विचारलं तर म्हणाले, "मी कशाला जाऊ स्वयंपाकघरात?" ऐंशी उलटलेल्या माणसावर चिडायचं तरी किती!

४ नोव्हेंबर

कोशातला 'दोजख' चाललाय. बाबा सांगतात, मी उतरवते. शब्द फारसी, पण मूळ त्याहून जुन्या इराणी भाषेत — 'दुज' म्हणजे वाईट, 'अंघु' म्हणजे जगणं. थोडक्यात, नरक म्हणजे वाईट जिणं. आपला 'असु', म्हणजे प्राण, हा 'अंघु'चा सख्खा. 'दुश्मन' चुलत — वाईट मनाचा. आणि स्वर्ग, तो 'बहिश्त', थेट वसिष्ठांच्या नात्यातला! "स्वर्ग-नरक दोन्हीकडे आपले सोयरे," म्हणत बाबा हसत सुटले. एवढं लख्ख डोकं, आणि शेगडी तेवढी विसरतं?

६ नोव्हेंबर

परत वास. दादाला फोन करून सगळं सांगितलं. "अगं, सकाळीच सांगितलंस की हे," म्हणाला. सांगितलं असेन. झोप कुठे होतेय धड! तो वृद्धाश्रमात जागा बघतोय. "तू किती दिवस जीव मुठीत धरून राहणार?" ऐकून बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

७ नोव्हेंबर

त्या जुन्या इराणी लोकांच्या नरकात आग नव्हती म्हणे. आग पवित्र. नरकात नुसता अंधार, गारठा आणि दुर्गंधी. आग नाही, वास तेवढा — आमचं स्वयंपाकघरच की! बाबांना हे म्हणून दाखवलं. ते हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले.

९ नोव्हेंबर

जागा मिळाली. बाबांना सांगितलं. वाटलं होतं, घर डोक्यावर घेतील. हळूच म्हणाले, "मी शेगडीला हातही लावत नाही गं." मी तिथून उठले. कबूल तरी करावं माणसानं!

१२ नोव्हेंबर

दादा येऊन घेऊन गेला. 'दोजख' अर्धाच राहिला. गाडीत बसताना बाबांनी माझा हात धरला — "स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवत जा, बाळ." आता कशाला? दार लावून खूप रडले.

१४ नोव्हेंबर

बाजारातून आले. कुलूप काढलं आणि वास नाकात शिरला. शेगडीचं बटण उघडं.

घरात आता मी एकटीच राहते.