दहा कॉम्प्युटर, अठ्ठावीस तारखेपर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार

मी हो म्हणाले! सगळ्यांसमोर! अजून कान तापलेत.

शिवणशाळेच्या बैठकीत मला बोलावतात ते हजेरीचा तक्ता दाखवायला. तो दाखवून मी भिंतीशी उभी होते. सचिव म्हणाले, कॉम्प्युटरच्या खोलीतले दहाही आता भंगारात. त्यांच्यावरची प्रणाली जुनी झाली, नवी त्यांच्यावर बसत नाही. अठ्ठावीसला भंगारवाला येणार, कॉम्प्युटरचा वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे मीही बंद. ते कोणी बोललं नाही.

आणि मी म्हणाले, "थांबा."

मग थांबताच येईना. "लिनक्स म्हणून एक प्रणाली असते. कोणालाही फुकट घेता येते, उघडून बघता येते. जुन्या कॉम्प्युटरवरही चालते."

"तुम्ही बसवाल?"

"हो."

हे हो कुठून आलं देव जाणे. मी आयुष्यात एकदाही बसवलेली नाही, नुसतं वाचलंय. बाहेर आल्यावर कारकून म्हणाले, "ताई, फुकटची आहे म्हणता. मग बिघडली तर भांडायचं कोणाशी?"

खरंच की. माझ्याशीच.

५ फेब्रुवारी

चित्रांवर टिचक्या मारत बसवायची सोपी पद्धत आमच्या कॉम्प्युटरांना झेपत नाही. अर्ध्यात थिजतात. राहिली अवघड पद्धत — काळा पडदा, आणि एकेक आज्ञा टाइप करायची.

इंटरनेटवरच्या सूचना वहीत उतरवून घेतल्या. अकरा पानं. छापता आल्या असत्या, पण हाताने लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही. लहानपणापासून असंच. घरात बरोबर की चूक हे सांगणारं कोणी नव्हतं. बाबा मागाचे मिस्त्री, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरते, दोघांनाही अक्षरओळख नाही. म्हणून फळ्यावर असेल ते सगळं उतरवायचं — टिंब, रेघ, खडू घसरून उमटलेला ठिपकासुद्धा. काही सुटायला नको!

६ फेब्रुवारी

डिस्क पुसण्याआधी मोठ्या बाईंकडे लेखी परवानगी मागितली. त्या हसायला लागल्या. "अगं, आहे काय त्यात? तुझ्या आधीच्या बाईंचे पत्त्यांचे डाव." तरी सही घेतली. तरी दहाही उघडून पाहिले. दोन नंबरमध्ये पाच वर्षांपूर्वीच्या मुलींनी काढलेले ब्लाउजचे नमुने निघाले — गळे, बाह्या, मापं, सगळं! ते आधी बाजूला काढून ठेवले. मोठ्या बाई मग हसल्या नाहीत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं! पहिला झाला! वही शेजारी ठेवून अकराही पानं टाइप केली. एकही चूक दाखवली नाही त्याने. सूचनांमध्ये लिहिलंच आहे की काही निरोप आला नाही तर काम झालं असं समजा. एकही निरोप आला नाही. तासभर लागेल म्हणाले होते, मला वीस मिनिटं लागली. पासवर्ड विचारेल असं होतं, तो विचारला नाही. नंतर विचारत असेल.

संध्याकाळी जेवताना बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "काहीच बोलला नाही?"

"नाही. गप्प. म्हणजे बरोबर."

"गप्प असेल तर बंद असेल बघ."

"बाबा, हा माग नाही!"

जरा जोरातच बोलले. आई म्हणाली, "हळू. ते बहिरे नाहीत. मागांच्या शेडमध्ये राहून अर्धे झालेत तेवढेच."

८ फेब्रुवारी

सुरू केला. समोर जुनीच प्रणाली. तेच हिरवं कुरण, तेच निळं आभाळ. जणू मी काल तिथे नव्हतेच.

बाबांना सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी

दोनदा परत केलं. दोनदा कुरण.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शोध चिमणीने लावला. चिमणी म्हणजे वर्गातली सगळ्यात हळू बोलणारी मुलगी. बोलली तरी शेजारणीला विचारावं लागतं, काय म्हणाली. मी टाइप करत होते, ती मागे उभी होती.

"ताई, ही जाळी कशाला घालता?"

वहीतल्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन उभ्या दोन आडव्या रेघांची खूण आहे. सूचनांमध्ये होती, मी उतरवली, टाइपही केली. चिमणीने पडद्याला बोट लावलं. "ही तर त्यानेच आधी घातलीय. आपण परत का घालायची?"

मी बघतच राहिले. ती खूण कॉम्प्युटर स्वतःहून देतो — मी तयार आहे, बोला, एवढाच तिचा अर्थ. आपण ती परत टाइप केली की त्याला वाटतं, ही आज्ञा नाही, ही कोणीतरी स्वतःसाठी केलेली नोंद. आणि तो सगळी ओळ सोडून देतो. मुकाट्याने! तीन वेळा अकरा पानं मी त्याला वाचून दाखवली आणि तो नुसता बसून होता.

खडूचा ठिपका उतरवणारी मी. दुसऱ्या कोणी ही चूक केलीच नसती.

घरी गेल्यावर बाबांना सांगितलं, बंदच होता. ते पोळी मोडता मोडता हसले.

१२ फेब्रुवारी

जाळी न घालता पहिली आज्ञा दिली आणि पडदा धावायलाच लागला! ओळींवर ओळी. गप्प कसला, वटवट नुसती. सगळ्या मुली भोवती गोळा. पासवर्ड विचारला तेव्हा मी टाइप करत होते आणि पडद्यावर एक अक्षर उमटेना. फौजदार ओरडली, "ताई, कीबोर्ड मेला!" (ती शेवटच्या बाकावरून सगळ्यांवर हुकूम सोडते, म्हणून फौजदार.) मेला नव्हता. पासवर्ड तो दाखवत नाही, मनात ठेवतो.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. कुरण नाही. काळ्यावर पांढरी एक ओळ — नाव सांगा.

मी माझं नाव सांगितलं. त्याने आत घेतलं.

मी केलं. हे मी केलं. इथे लिहायला काय हरकत आहे? मीच केलं!

१४ फेब्रुवारी

उरलेले नऊ मी एकटीने चार दिवसांत उरकले असते. पण मग काल शिवणवर्गाच्या दारातून जाताना दिसलं — तिथल्या बाई मुलीच्या हातातलं कापड कधीच घेत नाहीत. वाकडी शिवण आली तर उसवायला लावतात, पण स्वतः शिवून देत नाहीत.

आजपासून एक मुलगी, एक कॉम्प्युटर. मी ओळ सांगायची, हात तिचे. माझे हात मी पाठीमागे बांधून ठेवते. फार कठीण जातं.

१५ फेब्रुवारी

फौजदारने डिस्कऐवजी पेनड्राइव्ह पुसला. ज्यावरून सगळं बसवायचं तोच! "ताई, मी विचारलं नाही." "का?" "तुमचे हात मागे होते, मला वाटलं रागावलात." पेनड्राइव्ह पुन्हा तयार केला. आता पुसायच्या आधी प्रत्येकीने डिस्कचं नाव आणि आकार मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी हो म्हणायचं. खोलीत नुसता गलका. कारकून डोकावून गेले — "शाळा आहे की लिलाव?"

१९ फेब्रुवारी

सात झाले. मराठी अक्षरंही बसवली. प्रत्येकीने पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, दुसऱ्यांदा शेजारणीला नावं ठेवली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाबा शाळेत आले! माझा चष्मा घरी राहिला होता, तो द्यायला. पहिल्यांदाच आले. दारातच उभे. मुलींनी "या ना काका" म्हणून ओढून आणलं. ते एकेका कॉम्प्युटरपाशी वाकून कान लावत गेले. आठव्यापाशी थांबले. "हा खडखडतोय. आतलं झिजलंय. फार दिवस नाही काढायचा."

दुपारी डिस्क तपासायची आज्ञा दिली. खराब जागाच जागा. यावेळी मी वाद घातला नाही.

आठव्यावर पाटी लावली — बंद. डिस्क खराब. कारकून म्हणाले, "पाटी कसली लावता? नुसतं कापड टाका. सचिव कशाला उचलून बघतायत?" रात्रभर तोच विचार डोक्यात. पाटी तशीच ठेवली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सचिव आले. नऊ सुरू. ते रांगेतून फिरले, मुली टाइप करत होत्या. पाटीपाशी थांबले. "दहा म्हणाला होतात."

"नऊ झाले. आठव्याची डिस्क गेलेली आहे."

"हं." मग चिमणीला विचारलं, "हे लिनक्स कोणाच्या मालकीचं नाही म्हणता, मग आहे कोणाचं?" ती काहीतरी म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही. फौजदारने मोठ्याने सांगितलं — "जो चालवेल त्याचं, असं म्हणतेय ती!"

मी हसू दाबलं आणि पाटी सरळ केली.

२८ फेब्रुवारी

वर्ग वाचला. भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

मी नाही वाचले. आता वर्ग कायमचा होणार, म्हणून शिकवायला पदवीवाला लागतो, तसा नियम आहे. माझी पदवी अजून बाहेरून चालू आहे, दुसरं वर्ष. मोठ्या बाईंचे डोळे भरले होते. सचिव म्हणाले, "वर्ग वाचावा असंच तुम्हाला हवं होतं ना?"

हो म्हणाले. खोटं नव्हतं. सगळं खरंही नव्हतं.

पासवर्ड पाकिटात बंद करून दिले. प्रत्येक कॉम्प्युटरच्या खोडी वेगळ्या कागदावर लिहिल्या — चौथ्याचा पंखा रडतो, नवव्याचं बटण दोनदा दाबावं लागतं. नव्या सरांना अडायला नको.

घरी बाबा भडकले. "एक पाना फिरवला की अख्खा माग बंद पडतो. तुझ्या यंत्रांत असं काही नाही?"

"आहे."

"मग?"

"नाही करणार."

"माहीत आहे," म्हणाले, आणि पाणी प्यायला आत गेले. आई म्हणाली, "कालपासून शेडमध्ये सगळ्यांना सांगत सुटलेत. पोरीने नऊ यंत्रं उठवली म्हणून. आता परत जाऊन काय सांगतील?"

"हेच सांगतील," मी म्हणाले. "नऊ उठलीच आहेत."

३ मार्च, सोमवार

सकाळी तयार होऊन बसले. मग आठवलं.

६ मार्च, गुरुवार

चिमणीचा फोन, शाळेतून. नव्या सरांनी तीन नंबरवर त्यांच्या सवयीची प्रणाली चढवायला घेतली. ती अर्ध्यात अडकली, डिस्क कोरी झाली. सर मोठ्या बाईंना सांगायला गेले, कॉम्प्युटर कामातून गेला म्हणून.

"मग?"

"मग आम्ही परत बसवलं."

"ओळी कोणी सांगितल्या?"

"कोणी नाही. येतात की."

"किती वेळ लागला?"

मला एका कॉम्प्युटरला नऊ दिवस लागले होते.

"मधल्या सुट्टीत झालं, ताई," ती म्हणाली. चक्क मोठ्याने. "डबा तेवढा राहिला."